पहिल्या घंटेचा मान

पळसगुड्याच्या शाळेची घंटा मुळात घंटा नव्हतीच. तो बैलाच्या बंडीचा तुटका आस होता. शंभर वर्षांपूर्वी सुधाकररावांच्या आजाने गोठ्याचा अर्धा भाग झाडून-सारवून एका मास्तराच्या हवाली केला आणि पोरांना हाक घालायला काहीतरी हवं म्हणून मोडक्या बंडीतला लोखंडी आस लिंबाच्या फांदीला टांगला. पुढे निजाम गेला, गोठा गेला, कौलं आली, कौलं जाऊन स्लॅब पडला, फाटकावरच्या पाटीवर मराठीच्या डोक्यावर तेलुगू येऊन बसली. आस होता तिथेच राहिला आणि त्याला धरून मानही राहिला. जूनमध्ये शाळा उघडते त्या दिवशी पहिली घंटा वाजवायची ती सुधाकररावांच्या घराण्यातल्या, शाळेत शिकणाऱ्या लेकराने. पोळ्याला तोरणाखालून पहिला बैल कुणाचा जातो यावरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात. या घराकडे पोळ्याचा मान होता आणि घंटेचाही, आणि दोन्ही मान घरातले लोक पोटच्या पोरासारखे जपत.

सुधाकररावांनी लहानपणी घंटा वाजवली. मग त्यांच्या मुलाने, रविकांतने वाजवली, मुलीने, भाग्यलक्ष्मीने वाजवली. त्यानंतर भावकीतल्या पोरांनी मान ओढत नेला. आता घरोघरची लेकरं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून इचोड्याच्या इंग्रजी शाळेत जायला लागली होती, त्यात सुधाकररावांची नात प्रीतीही होती. उरला होता चुलत पुतण्याचा अमर एकटा. तो यंदा पाचवी पास झाला. ही गोष्ट सगळ्या गावाच्या लक्षात आली होती. सुधाकररावांच्या लक्षात ती शाळा उघडण्याच्या आदल्या दुपारी आणून द्यावी लागली; यंदा त्याच दिवशी शाळेची शताब्दी होती.

ते शाळेच्या मैदानात खुर्ची टाकून बसले होते. मांडववाला बांबू रोवत होता, एक गडी आसाला गेरूचा हात देत होता आणि त्याला काय सुचवू नि काय नको असं सुधाकररावांना झालं होतं. सत्तरी ओलांडली तरी सुचवण्याची हौस गेली नव्हती. तेवढ्यात हेडमास्तरीण प्रगतीबाई येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

"काका, उद्याच्या घंटेचं इचारायचं व्हतं. कोन वाजवनार हाये?"

"कोन म्हंजे? अमर वाजवन. मागच्या साली त्यानंच वाजवली."

"अमर आता सहावीत, बाजारहत्नूरले. इथून नाव निघालं त्याचं."

"शाळेतून निघालं. आमच्या घरातून तं नाई ना निघालं?"

"नाई निघालं," प्रगतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "पन रीत तुमच्याच घरानं घातली. शाळेत बसनारं लेकरू. यंदा तुमच्या भावकीतलं एक बी लेकरू माह्या हाजरीत नाई, काका."

सुधाकररावांनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. नागनाथची पोरगी. नागनाथचा बाप त्यांच्या घरी सालदार होता. सुधाकरराव आत वर्गात बसून बाराखडी घोकत होते तेव्हा त्याच वयाचा नागनाथ बाहेर ओसरीवर बसून तीच बाराखडी घोकत होता, कारण त्याला आत येऊ देत नव्हते. पुढे तो तहसीलीत कारकून झाला, आणि आता त्याची लेक याच शाळेच्या खुर्चीवर होती. या गोष्टीबद्दल दोघे म्हातारे आयुष्यात कधी एक शब्द बोलले नव्हते. रोज पारावर भेटून कापसाच्या भावावर मात्र तासभर बोलत.

"मंग आमच्या घरानं उद्या काय कराव म्हन्ता?"

"थे तुमी सांगा. तुमी मोठे हाव. उद्या शिक्षन खात्याचे एम.ई.ओ. साहेब येऊन राह्यले. मी एका खोलीत तीन वर्ग बसवते. पोरं अशीच कमी होत गेली तं मराठी वर्ग बाजारहत्नूरले जोडून टाका, असं वरून कवाबी म्हनतीन. मले साहेबाम्होरं शाळेतलं लेकरू पायजे. उसनं नोको."

एवढं बोलून त्या खडूचा डबा घेऊन आत गेल्या. आसाला गेरू लावणाऱ्या गड्याने विचारलं, "मालक, आनखी एक हात देऊ का?" सुधाकररावांनी पहिल्यांदाच काही सुचवलं नाही.

दिवेलागणीला घरात बैठक भरली. बैठक म्हणजे सुधाकरराव खाटेवर, त्यांची बायको रुख्मिणीबाई चुलीजवळच्या पाटावर, आणि मुधोळहून दुपारी निघालेली भाग्यलक्ष्मी मधोमध सतरंजीवर, पिशव्या पसरून. वडलांचा फोन तिला वाटेतच गेला होता. तिने इचोड्याला उतरून दुकानातून सरकारी शाळेचा निळा फ्रॉक विकत घेतला, बापाचं संकट दोरीने बांधल्यासारखं पिशवीत घातलं आणि घरी आणलं. भाग्यलक्ष्मीचं असंच होतं. तिला प्रश्न ऐकून घ्यायला वेळ लागे, उत्तर आधीच तयार असे.

"घाल प्रीती, बरोबर बसते का पाहू," ती म्हणाली.

प्रीतीची आई सुनयना भाकरी थापता थापता पाहत होती. सात वर्षांची प्रीती तो फ्रॉक घालून घरभर फिरली. दोन्ही खिशांत हात घालून पाहिले.

"आत्या, मी उद्या त्या शाळेत जायाचं?"

"जायाचं, घंटा वाजवायची, टाळ्या पडतीन, मंग आजोबासंग घरी यायचं."

"बसायचं नाई?"

"नाई वो राणी. तुही शाळा इचोड्याले हाये ना."

"बसलं तं काय होते?" प्रीतीने विचारलं.

भाग्यलक्ष्मी हसली आणि बापाकडे वळली. "बाबा, तुमी काऊन इतकी चिंता करून राह्यले? साहेबाले काय मालूम, कोनतं लेकरू कोनत्या शाळेत जाते? लेकरू घरचं, आस घरचा. भर मांडवात ती मॅडम काय बोलन? फोटो निघाला का झालं."

सुधाकररावांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना ते पटलं होतं असं नाही. पण पटवून घ्यायची त्यांची तयारी झालेली दिसत होती.

सुनयनाच्या हातातली भाकरी जरा जास्तच पातळ झाली. ती किनवटकडची. बारावीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन आली तेव्हा या घरात सुनेने चर्चेत तोंड घालायचं नाही असा काही नियम नव्हता, फक्त तिच्या बोलण्यानंतर सगळे थोडा वेळ थांबत आणि मग जिथे होते तिथूनच पुढे बोलत. तिला त्याची सवय झाली होती. तिला सवय झाली नव्हती ती व्हॅनची. प्रीती रोज व्हॅनमध्ये ओकायची. खड्ड्यांच्या रस्त्याने, चेंगरून बसलेल्या पोरांत, उन्हात. रोज संध्याकाळी सुनयना तो पांढरा शर्ट साबणाने घासायची आणि तिच्या मनात एकच विचार यायचा, की ही पोर सकाळी ओकून नंतर दिवसभर काय शिकत असेल. एकदा ती शाळेत भेटायला गेली होती. बाईंनी सांगितलं, मुलगी चांगली आहे, अजिबात बोलत नाही. घरी मात्र प्रीती कोंबड्यांशीसुद्धा बोलायची.

तेवढ्यात रविकांत आला. इचोड्यात त्याचं खत-बियाण्याचं दुकान होतं आणि पेरणीच्या दिवसांत तो घरी आला तरी अर्धा दुकानातच असे. बहिणीने त्याला सगळं सांगितलं. त्याने हातपाय धुतले आणि म्हणाला, "एकच दिवस हाये ना? मंग काय बिघडते. मान बी राहीन, पोरीची शाळा बी बुडनार नाई. परवापासून हाये तिची शाळा."

"एकच दिवस काऊन?" सुनयना म्हणाली. "रोजच जाऊ द्या ना."

नेहमीप्रमाणे सगळे थांबले. पण ती आज पुढे बोलू लागली.

"मी सांगून राह्यली. प्रीतीले इथंच घालू. शाळा दारात हाये. मॅडम चांगल्या हायेत. पोरगी तिथं तोंड उघडत नाई."

"तुले काय मालूम वो," रविकांत म्हणाला. त्याचा आवाज रागाचा नव्हता, त्याहून वाईट होता, थकलेला होता. "मी शिकलो ना इथं. पहिली ते पाचवीलोक मी हुशार. मास्तर मले उभं करून कविता म्हनायले लावत. मंग सहावीले बाजारहत्नूरले गेलो आन सारं तेलुगू. पंतुलु मास्तर काय बोलते ते कळे ना. सहा महिने मी मुतायले जाऊ का म्हनून बी इचारलं नाई. तोंड शिवल्यासारखा मांगं बसून राह्यलो. नापास झालो, लोक म्हनत, पाटलाचं पोरगं ढ हाये. माह्या पोरीच्या नशिबी थे नोको मले."

ही गोष्ट त्याने कधी सांगितली नव्हती. सुधाकररावांना तर नापास पोराला पट्ट्याने मारलेलं तेवढं आठवत होतं.

सुनयना चुलीवरची भाकरी उलथून त्याच्यासमोर येऊन बसली. "मंग आता काय करते ती? तुमी सहावीत तोंड शिवून बसले, ती पहिलीपासून बसते. तुमाले निदान पाच वर्सं तं बोलायले भेटले."

रविकांतने ताट पुढे ओढलं.

"हे नंतर पाहू," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "आता उद्याचं बोला. बाबा, फ्रॉक ठीक बसला. ठरलं ना?"

"ठरलं," सुधाकरराव म्हणाले.

"मंग माह्या भावाचा बैल आना," रुख्मिणीबाई चुलीजवळून म्हणाल्या.

आवाज इतका साधा होता की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. रुख्मिणीबाईंनी फुंकणी खाली ठेवली.

"म्या नवी नवरी व्हती या घरात. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमचा राजा बैल सापाचं पान लागून मेला. मान जाते म्हनून माहा भाऊ आपला पांढरा बैल घेऊन पायी आला, रातभर चालून. शिंगं रंगवली, झूल घातली. आन तुमच्या बापानं, मानिकरावानं, साऱ्या गावाम्होरं त्याले तोरनाखालून परतवलं. काय म्हनले व्हते ते?"

सुधाकररावांनी खाटेच्या दोरीत बोट अडकवलं.

"सांगा ना. सारं गाव सांगते आजबी."

"मागून आनलेल्या बैलाले मान नाई," सुधाकरराव हळूच म्हणाले. "ज्यानं आपल्या वावरात नांगर ओढला त्याचाच मान."

"व्हय. त्या साली तुमचं घर एका बैलानिशी साऱ्यायच्या मांगं उभं राह्यलं. माहा भाऊ न जेवता गेला. म्या बापाच्या वयाच्या सासऱ्याले मनात लई शिव्या दिल्या. मंग हळूहळू म्हनलं, जाऊ दे, मानूस कडक हाये पन खरा हाये. तेच धरून म्या या घरात इतके साल काढले." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "उद्या तुमाले पोरीले रंगवून, झूल घालून उभी करायची असन तं करा. पन आधी माह्या भावाले बलवा आन त्याचा बैल पहिल्यांदा न्या."

भाग्यलक्ष्मी म्हणाली, "माय, बैलाचं आन पोरीचं काय घेऊन बसली तू?"

"पोरगी बैलाहून कमी हाये का?" रुख्मिणीबाईंनी विचारलं.

सुधाकरराव उठले, चपला पायात सरकवल्या आणि न जेवता अंगणात जाऊन बसले. त्यांना कुणी बोलवायला गेलं नाही. प्रीती झोपेला आली होती, पण फ्रॉक काढू देईना. शेवटी ती तशीच झोपली.

सकाळी प्रगतीबाई शाळेत सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. त्यांनी रात्री ठरवलं होतं की सुधाकररावांच्या घरचं कुणी नाही आलं तर पाचवीतल्या सगळ्या पोरांनी मिळून घंटा वाजवायची. त्यांचा स्वतःचा हर्षदीप पाचवीतच होता, म्हणून एकट्याचं नाव घेणं त्यांना नको होतं. लोक काय म्हणतील ते त्यांना पाठ होतं. नागनाथच्या पोरीनं मान आपल्या घरी नेला, असंच म्हणाले असते.

फाटकातून रुख्मिणीबाई आत आल्या. मागे सुनयना, आणि तिचं बोट धरून निळ्या, चुरगळलेल्या फ्रॉकमध्ये प्रीती. फ्रॉक पाहून प्रगतीबाई काय ते समजल्या.

"काकू, मी काकायले कालच सांगतलं."

"घंटेसाठी नाई आलो, मॅडम," सुनयना म्हणाली. "नाव घालायचं हाये. दुसरीत."

प्रगतीबाईंनी दोघींकडे पाहिलं. गावोगाव फिरून, दारोदार जाऊन, बडीबाटेच्या, म्हणजे पोरं शाळेत आणायच्या सरकारी मोहिमेच्या दिवसांत एकेका घरी तीन तीनदा चहा पिऊन त्यांनी पोरं मागितली होती. या घरीही गेल्या होत्या. तेव्हा चहाच मिळाला होता. आज ते घर आपल्या पायांनी आलं होतं, आणि त्यांना आनंद होण्याआधी शंका आली.

"आजच काऊन?"

"कारन काल मी बोलली," सुनयना म्हणाली. "आज केलं नाई तं उद्या मी बोलली व्हती हे बी कोनाच्या ध्यानात राहनार नाई."

"मी साफ बोलते, राग मानू नोका. एका दिवसासाठी नाव घालत नाई मी. आज टाळ्या, आन पुढच्या महिन्यात टी.सी. द्या म्हनून येसान, तं आता इथूनच माघारी जा. एक नाव येऊन गेलं तं बाकीचे बी विचार करतात."

"पाचवीलोक बसन."

"रविकांतदादा?"

"ते नाई म्हनून राह्यले. त्यायचं बरोबर बी हाये थोडंसं. सहावीची भीती हाये त्यायले."

"मले बी हाये," प्रगतीबाई म्हणाल्या. "म्हनून मी तिसरीपासून रोज अर्धा तास तेलुगू बोलायले लावते. मजूर, दुकान, बस, असं सारं. माहा हर्षदीप कंडक्टरसंग भांडतो तेलुगूत. थे दादायले सांगा. पन सही कोनाची घेऊ?"

"माही घ्या. मी माय हाव तिची."

प्रगतीबाई रुख्मिणीबाईंकडे वळल्या. त्या फक्त म्हणाल्या, "तिचीच घ्या. मी पाहीन बाकीचं."

प्रीतीला विचारलं, नाव काय. तिने पूर्ण नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं, गावाचं सांगितलं, आणि मग कुणी न विचारता कोंबड्यांचीही नावं सांगितली. प्रगतीबाईंना हसू आलं. त्यांनी तिला पुसलेली पाटी दिली आणि दुसरीच्या रांगेत शेवटी उभं राहायला सांगितलं.

अकराच्या सुमारास मांडव भरला. बाजारहत्नूरहून साहेब आले, सरपंच आले, जुने विद्यार्थी आले. कुणी आदिलाबादहून, कुणी नांदेडहून. चंपाबाईंच्या बचत गटाने चहा केला होता. सुधाकरराव पहिल्या रांगेत पांढरं धोतर नेसून बसले होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. बापाने पांढऱ्या बैलाची दोरी मेव्हण्याच्या हातात परत दिली ते त्यांनी शेजारी उभं राहून पाहिलं होतं. तेव्हा त्यांना बापाचा राग आला होता. बायको नवी होती, मेव्हणा आवडता होता. पुढच्या आयुष्यात मात्र तीच गोष्ट पारावर बसून त्यांनी कितीतरी वेळा मोठ्या तोऱ्याने सांगितली होती. रुख्मिणीने ती ऐकली असेल, दर वेळी, आतून.

पोरांच्या रांगेत त्यांना निळ्या फ्रॉकमध्ये प्रीती दिसली. भाग्यलक्ष्मीने शेवटी केलंच, असं त्यांना वाटलं.

प्रगतीबाई वाकून कानाशी बोलल्या, "काका, प्रीतीचं नाव घातलं सकाळी. वहिनीनं सही केली, पाचवीलोकचं बोलून. आता थे शाळेतलं लेकरू हाये. मान तुमचाच. बलवू का तिले?"

मागच्या रांगेतून भाग्यलक्ष्मी पुढे झुकली. "घ्या बाबा, झालं ना आता. खरंच झालं. बलवा."

सुधाकररावांनी मागे पाहिलं. रविकांत मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याचा चेहरा दगडासारखा होता. त्यालाही आत्ताच कळलं होतं. सुनयना बायकांत बसली होती आणि नवऱ्याकडे न पाहता सरळ समोर पाहत होती. रुख्मिणीबाई तिच्याजवळ खेटून बसल्या होत्या.

माइकवर सुधाकररावांच्या घराचं नाव पुकारलं गेलं. परंपरेप्रमाणे पहिल्या घंटेचा मान. सुधाकरराव उठले. लिंबाखाली गेले, लोखंडाचा हातोडा हातात घेतला. कानाकोपऱ्यात मोबाईल वर झाले.

"साहेब, पंचमंडळी," ते म्हणाले. "माही नात प्रीती आज या शाळेत आली. आजच आली. आमच्या घरात रीत हाये. आज जुंपलेल्या बैलाले आजचाच मान भेटत नाई. आधी वर्सभर वावर कराव लागते. म्हनून यंदा घंटेचा मान आमच्या घराचा नाई."

मांडवात कुजबुज झाली. भाग्यलक्ष्मीने तोंडाला पदर लावला. सुधाकररावांना वाईट वाटलं. खूप वाटलं. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी हातोडा स्वतःच्या नातीच्या हातात द्यावा असं त्यांना शंभरदा वाटलं. त्यांनी पहिल्या रांगेच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"नागनाथ. तुहा नातू पहिलीपासून इथंच हाये ना?"

नागनाथ काठीवर हात ठेवून बसले होते. "पहिलीपासून."

"मंग त्याले पाठव."

प्रगतीबाई गडबडून म्हणाल्या, "काका, माहा पोरगा नोको. साऱ्या पाचवीचे मिळून..."

"मॅडम, हे आमच्या दोघायचं हाये," सुधाकरराव म्हणाले. "लई दिवसाचं हाये."

नागनाथ उठायला जरा वेळ लागला. ते नातवाचा हात धरून लिंबाखाली आले. दोघे म्हातारे समोरासमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत कापसाच्या भावाशिवाय बोलायला दुसरं काही न सापडलेले दोघे.

"त्या साली तू वाजवली व्हती," नागनाथ म्हणाले. "मी ओसरीवर व्हतो. आत बसनारायपेक्षा मले जवळून आयकू आली."

"मले मालूम हाये," सुधाकरराव म्हणाले. "मी पाह्यलं व्हतं तुले."

त्यांनी हातोडा हर्षदीपच्या हातात दिला. पोरगा लाजला, मग दोन्ही हातांनी उचलून त्याने आसावर असा घाव घातला की लिंबावरचे कावळे उडाले आणि गेरूचे तुकडे सगळ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर पडले. साहेबांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. पोरं ओळीने वर्गात गेली. दुसरीच्या रांगेत सगळ्यात शेवटी प्रीती गेली, पाटी छातीशी धरून, आणि आत जाऊन खरोखर बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रविकांत अंगणात दात घासत होता. बायकोशी तो कालपासून बोलला नव्हता. काल संध्याकाळी सुनयनाने त्याला शाळेतल्या रोजच्या अर्ध्या तासाच्या तेलुगूचं सांगितलं, तेव्हा त्याने ऐकलं आणि दुकानाच्या चाव्या उचलल्या. आज व्हॅनच्या शाळेचाही पहिला दिवस होता. त्याने मनाशी ठरवलं होतं की व्हॅन आली की पोरीला उचलून त्यात बसवायचं, बाकी भांडण मग.

व्हॅन आली. दारासमोर थांबून भोंगा वाजवला.

प्रीती पाठीवर पिशवी अडकवून ओट्यावर उभी होती. भोंगा ऐकताच ती आजोबांच्या धोतरामागे गेली. ती रडली नाही, नाही म्हणाली नाही. फक्त तोंड मिटून, अंग आक्रसून मागे उभी राहिली. रविकांतने ते पाहिलं. असं उभं राहणं त्याला ओळखीचं होतं. बाजारहत्नूरच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, तो स्वतः असाच बसायचा.

सुनयना दारात आली. सगळं घर त्याच्याकडे पाहत होतं.

रविकांतने चूळ भरली, तोंड पुसलं आणि फाटकापर्यंत गेला.

"आज से इधर गाडी मत रोकना," तो ड्रायव्हरला म्हणाला.

"क्यूँ भाई? छुट्टी है क्या?"

"छुट्टी नहीं," रविकांत म्हणाला. "स्कूल है."

व्हॅन गेली. धूळ खाली बसायच्या आत लिंबाखालचा आस वाजला, रोजच्यासारखा, कुणाच्याही मानाशिवाय. प्रीती आजोबांच्या मागून बाहेर आली आणि बापाचा हात ओढत म्हणाली, "बाबा, चाल ना लवकर, घंटा झाली."